पांढऱ्या कोटातली साक्ष

रविवार, ९ सप्टेंबर १९८४

जिंकलो. सगळे अजून पबमध्ये आहेत. मी डोकं दुखतंय सांगून घरी आले. दुखत नाही.

झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी माझंच मन मला वेगळं सांगेल.

गेलिक फुटबॉलच्या सेमीफायनलला रेफरी मॅलकी टाय होते, आमचे पोस्टमन. त्यांचा एक अंपायर आजारी पडला, गोलच्या खांबाशी उभं राहून चेंडू आत की बाहेर सांगायला माणूस कमी. समोरच्या संघाच्या कॅप्टननंच माझं नाव घेतलं — "डिम्पना गिलूलीला उभी करा. भाऊ खेळतोय तिचा, खेळू दे. ती खोटं बोलायला गेली तर आधी रडेल." सगळे हसले. मीही हसले. अंपायरचा पांढरा कोट पार गुडघ्यांखाली येत होता.

शेवटची पाच मिनिटं. आम्ही एका पॉइंटनं पुढे. माझ्या भावानं, फर्गलनं मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला — वीतभर, पण बाहेरून. मी डोक्यावर हात आडवे हलवले. वाइड, म्हणजे पॉइंट नाही. मॅलकींनी मान डोलावली. फर्गल धावत आला. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

लिहू का? लिहायलाच हवं.

"पोटच्या पोरावर लक्ष ठेवता आलं नाही तुला, रेषेवर काय ठेवणार?"

मॅलकींचा ओरन दोन वर्षांपूर्वी तळ्यात बुडाला. नऊ वर्षांचा होता.

मी सहा फुटांवर होते. मॅलकींनी वही काढली. फर्गलचं नाव लिहिलं. मग फर्गलला बाहेर काढलं. बाकीच्यांना वाटलं, नेहमीच्याच शिव्या असतील.

वाइड मी दिला होता. ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं.

सोमवार, १० सप्टेंबर

ओरनला शोधायला सगळं गाव तळ्यावर होतं तेव्हा फर्गल तीन दिवस होडीत होता. घरी जेवायलासुद्धा आला नाही. तोच हा फर्गल. मला जुळवता येत नाही.

गोठ्यात त्यानंच विचारलं. पाठमोरा, धार काढता काढता.

"काल तुला काही ऐकू आलं?"

"वारा होता," मी म्हटलं.

वारा होताच. म्हणजे हे खोटं नाही. पण मी ते खोट्यासारखं वापरलं, आणि त्याचे खांदे सैल पडलेले मी पाहिले.

गुरुवार, १३ सप्टेंबर

जिल्हा कमिटीचं पत्र आलं. मॅलकींनीच आणून दिलं, दुसरं कोण आणणार. पाकिटावर शिक्का होता, आत काय ते त्यांना ठाऊक. म्हणाले, "बटाटे काढून झाले का तुमचे?" मी म्हटलं, अर्धे झाले. सायकल वळवून गेले.

पत्र मीच वाचून दाखवलं. घरातलं प्रत्येक पत्र मीच वाचते. आमच्यात बाराव्या वर्षानंतर शाळेत राहिलेली मी पहिलीच. रेफरीला अपशब्द — सहा महिने बंदी. फायनल तीस तारखेला.

बाबा म्हणाले, "परत वाच." जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर महिने कमी होतील.

शनिवार, १५ सप्टेंबर

क्लबचे अध्यक्ष जार्लथ फ्लिन आले. आईनं ॲपल टार्ट काढला, म्हणजे बोलणं आधीच ठरलेलं.

"अपील करू. रेफरीचा शब्द एका बाजूला," जार्लथ म्हणाले, "आणि अंपायरचा दुसऱ्या. अंपायर कोण, तर जिच्यावर समोरचा संघसुद्धा विश्वास ठेवतो ती. डिम्पना बाळ, तुला काही ऐकू आलं नाही ना? झालं तर. तेवढंच लिही."

बाबा म्हणाले, "मॅलकी वाईट नाही. पण पोर गेल्यापासून त्याचं डोकं जरा…"

"तेच," जार्लथ म्हणाले. "तसं लिहू नको. पण तसं वाटू दे."

आई मला टार्ट वाढत होती. "मग शिकवलं कशाला तुला?" असं नुसतं प्रेमानं म्हणाली. तेच जास्त लागलं.

फर्गल ताटाकडे बघत होता. मी म्हटलं, लिहिते.

जार्लथ दारातून परत वळले. "कागद आयरिश हवा हं, कमिटीचा नियम आहे. उजेडाला धरला की आतला आयरिश छाप दिसला पाहिजे. पलीकडच्या गावाचं अपील परवाच्या साली इंग्लिश कागदापायी न वाचता फेकलं. इतकी शतकं ज्या इंग्रजांशी भांडलो, त्यांच्याच कागदावर भांडायचं होय?"

रविवार, १६ सप्टेंबर

चर्चमध्ये मासला गेले. कम्युनियनला, प्रसाद घ्यायला, उठले नाही; मनात पाप असताना तो घेत नाहीत. आईनं कोपरानं ढोसलं. दोन बाकं पुढे मॅलकींची बायको होती. तिनंही वळून पाहिलं.

सोमवार, १७ सप्टेंबर

मी काम करते त्या डेअरीच्या ऑफिसात, सगळे गेल्यावर टाइप केलं. अपील, आणि त्याला जोडून माझी साक्ष. "मी सहा फुटांवर होते आणि तसलं काही मला ऐकू आलं नाही." एकही चूक नाही. नन्सनी शिकवलेलं टायपिंग.

ऑफिसात दोन गठ्ठे असतात. वरच्या खणात आयरिश कागद. खालच्या खणात इंग्लिश, लिव्हरपूलच्या बिलांसाठी. मी खालचा खण उघडला.

खोटं तर लिहायचं, पण ते लागू पडू द्यायचं नाही. घरचे म्हणतील, पोरीनं कागद चुकवला. फर्गल खेळणार नाही. मॅलकी खोटे ठरणार नाहीत. आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. किती शहाणी मी.

खरं धाडस असतं तर कागद कुठलाही चालला असता.

मंगळवार, १८ सप्टेंबर

पाकीट फर्गलनं मागून घेतलं. स्वतः शहरात नेऊन देतो म्हणाला. "मॅलकीच्या पिशवीतून नको जायला."

म्हणजे त्यालाही लाज आहे. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखीच वाईट वाटलं. भावाचा घात त्याच्याच हातानं पाठवतेय.

शनिवार, २२ सप्टेंबर

काही कळलं नाही. फर्गल रोज संध्याकाळी एकटा मैदानावर जातो. माझ्याशी फार गोड वागतो. आज माझे बूट पॉलिश करून ठेवले होते.

बुधवार, २६ सप्टेंबर

जार्लथ गाडीचा हॉर्न वाजवत अंगणात आले. अपील मंजूर. बंदी उठली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कागद? कुणी उजेडाला धरलाच नाही का? आई मला मिठी मारून रडत होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी असं कधी केल्याचं आठवत नाही.

सगळे आत गेल्यावर फर्गल हळूच म्हणाला, "तुला एक सांगतो, कुणाला बोलू नको. कागद चुकला होता तुझा."

तो सांगत गेला.

"वाटेत उजेडाला धरून पाहिला. छापच नाही. म्हटलं, पोरीची एवढी एक चूक आणि हे लोक जन्मभर बोलून दाखवतील. दुकानातून कागद घेतला आणि सगळं हातानं उतरवून काढलं. दोन तास लागले. अक्षर म्हणजे कोंबड्या नाचल्यात. सही मात्र तुझी झकास काढली."

मग म्हणाला, "ते 'ऐकू आलं नाही' आहे ना, ते लिहिताना फार बरं वाटलं. म्हटलं, चला, हिनं तरी ऐकलं नाही."

शुक्रवार, २८ सप्टेंबर

मॅलकींनी शिट्टी कमिटीला परत केली. पंधरा वर्षं रेफरी होते, आता सोडलं. जार्लथ म्हणाले, "दिली ते बरंच केलं."

आज फाटकाशी वीजबिल देताना मॅलकी थांबले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कमिटीनं तुझी साक्ष मला वाचून दाखवली," म्हणाले. "तू तसं लिहिणार नाहीस, खरं नसलं तर. मलाच ऐकू आलं असणार. हल्ली कुणी काही बोललं की मला तेच ऐकू येतं. रात्री बायकोनं नुसतं दार लावलं का विचारलं, तरी तेच. डॉक्टरकडे जाईन म्हणतो."

मी बिल घेतलं. आभार मानले. आभार!

त्या माणसाचा मुलगा गेला, आणि आता मी त्याचे कानही काढून घेतले.

शनिवार, २९ सप्टेंबर

पहाटे गोठ्यात जाऊन फर्गलला सांगितलं — कागद चुकला नव्हता, मी मुद्दाम चुकवला होता. मॅलकी फाटकाशी काय बोलले तेही सांगितलं.

त्यानं बादली खाली ठेवली. "म्हणजे तू ऐकलं होतंस."

"शब्द न् शब्द."

गायीच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "टपाल किती वाजता येतं?"

दहाला, मी म्हटलं.

तोंड धुऊन, चांगला शर्ट घालून तो फाटकाशी जाऊन उभा राहिलाय. आत्ताशी सव्वानऊ. मीही जाते.