पावणेपाच किलोचं डोकं

गोडादरा, सुरत

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे निंबाचा, मान ताठ ठेवून नमस्कार. (पायांवर डोकं टेकवलं असतं, पण सध्या जिथे टेकवतो तिथे डाग पडतो. उशीचे तीन अभ्रे गेले.) अक्काची कंबर कशी आहे? तुमच्या पांढऱ्याशुभ्र केसांचीही मी खास चौकशी केली आहे असं समजा. का, ते पुढे येईलच.

आमची मयुरी बारडोलीच्या पांडुरंगरावांकडे दिली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण ते लोक पाहायला आले तेव्हा मुलाच्या आजीने माझ्याकडे बोट करून विचारलं, हे मुलीचे आजोबा का? मी एक्कावन्न वर्षांचा, दाजी! पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. बालवाडीपासून हिला सायकलवर शाळेत सोडलं मी, आणि आजोबा? साखरपुड्यात बापासारखं दिसायचंच, असं मनाशी ठरवलं.

कलप तीनदा लावला, तीनदा ओघळून बनियनवर आला. आता मी बावीस वर्षं डाईंग मिलच्या लॅबमध्ये, रंग का धरत नाही हे मला कोणी शिकवायचं? केसाच्या अंगावर मुळातच स्निग्ध आम्लांचा पातळ थर, त्यात आमच्या घरचं खोबरेल. कापड असं तेलकट आलं की आम्ही एन्झाइम घालतो. ते चरबी खाऊन टाकतं आणि मग रंग बसतो. आणली एक पुडी. प्रमाण ठरलेलं आहे, शंभर किलो मालाला एक किलो. म्हणजे आधी मालाचं वजन हवं. स्वयंपाकघरात आडवा झालो, डोकं काट्यावर ठेवलं, आमच्या सौ. लीलाने आकडा वाचला, पावणेपाच किलो. (माल म्हणजे केस, डोकं नव्हे, हे नंतर लक्षात आलं. केस भरले असते फार तर शंभर ग्रॅम.)

कोमट पाण्यात कालवून अर्धा तास ठेवलं. मग मिलमधली परीक्षा, मालावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि घड्याळ बघायचं. पूर्वी थेंब माझ्या डोक्यावरून घसरून कॉलरमध्ये जायचा, आता टाकताक्षणी गडप! मी नाचलोच. पण टाळूची अशी आग व्हायला लागली की लीलाने "हाई काय करी टाकं!" म्हणत वाटीभर हळद कालवून डोक्यावर थापली. बिचारीने मायेनेच थापली हो. धुऊन बघतो तर केस पिवळेधमक. पण काय पिवळे, दाजी! मुळापासून टोकापर्यंत एकच छटा, कुठे पट्टा नाही की ठिपका नाही. बावीस वर्षांत असा लॉट आमच्या मिलमधून निघाला नाही. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर कलपाला हात लावायचा नाही. आणि साखरपुडा दुसऱ्या दिवशी.

पर्वत पाटियाच्या हॉलमध्ये आजीने मला खालून वर न्याहाळलं आणि मयुरीला विचारलं, हा तुझा भाऊ का गं, कॉलेजात असतो का? आजोबांवरून भावावर आलो, पण बाप काही कोणी म्हणेना. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. मयुरीने सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि म्हणाली, हे माझे पप्पा आहेत. पुढचं लीलाने सावरलं. आमच्यात साखरपुड्यापासून लग्नापर्यंत मुलीचा बाप डोक्याला हळद लावतो, अशी रीत आहे म्हणे! (मीही पहिल्यांदाच ऐकली.) पांडुरंगरावांनी हात जोडले आणि म्हणाले, असं हल्ली कोण पाळतं?

असो. इकडे बाकी सगळं ठीक. अक्काला आणि तुम्हाला पुन्हा एकदा लांबूनच नमस्कार.

तुमचा,
निंबा

ता. क. बोलण्याच्या भरात लीला एक वाक्य जास्त बोलून गेली. हळद फक्त बाप लावत नाही, मुलीच्या आत्याचे यजमानही लावतात.

ता. क. २. पुडी सोबत पाठवतो आहे. वजन कृपा करून केसांचंच करा.

ता. क. ३. तुम्ही रागवाल म्हणून आधी अक्काला फोन केला होता. तिने होकार देऊन हळदही दळून आणली आहे. पत्र आपलं तुम्हाला माहीत असावं म्हणून.