पंखा बंद होता

पेण, मंगळवार संध्याकाळ

एवढी साधी गोष्ट मला सुचली कशी नाही? फ्लू एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते शोधायला आठवडाभर गावात नाकातले नमुने घेत फिरतेय. पाच घरांत पाच बायका आजारी, पण त्यांच्या घरचं दुसरं कुणीच आजारी नाही. फॉर्मात प्रश्न एकच: घरात कोण कोण राहतं?

आज त्या पाचजणींतल्या सुमनकाकू हसल्या. "घरात काय शोधतेस गो? आमी पाचीजणी माझ्याकडंच पापड लाटतो."

"पंखा?"

"पंखा लावला तर पीठ सुकतंय. खिडकीपन नाय उघडत."

पंखा बंद, खिडकी बंद, पाच डोकी एका परातीभोवती! रोह्याला आमच्या पाहणीच्या प्रमुख सरांना फोन केला. म्हणाले, "उद्यापासून फॉर्मात घाल, कुणासोबत काम करता?" माझा प्रश्न, फॉर्मात! काकूही पिठावर ओलं फडकं टाकून खिडकी उघडी ठेवून बघणार आहेत.

एक लिहायचं टाळतेय. काकूंनी पापडाच्या पिठाची लाटी तेल लावून हातावर ठेवली, आणि ती खायला मी मास्क खाली केला. तासभर तिथेच बसले. शेजारी लाटत बसलेली अजून खोकत होती. पंखा बंदच.

उद्या पहिला नमुना माझ्याच नाकाचा.