मोहाखाली उभं राहाचं काम

लटारूभाऊले सोमाजीचा रामराम. राजुऱ्याले तुमी, वहिनी अन् लेकरं बरे असान, असं धरून चालतो. आमी इथी जित्ते हावोत (म्हणजे हे लिहेपर्यंत). फोन काऊन नाई केला म्हणान, तं फोन तुमच्या बहिणीजवळ राह्यते अन् ती थो स्पीकरवरच लावते.

तं झालं असं. मोहफुलं पडाले लागली अन् फॉरेस्टच्या गार्डानं गावात मिटिंग घेतली. म्हणे, वाकलेला माणूस वाघाले जनावरावानी दिसते. एकानं वेचाचं, दुसऱ्यानं ताठ उभं राहून चहूकडं पाहाचं. तुमची बहीण मनकर्णा वेचणार, मी उभा. मले वाटलं, असं काम तं सासऱ्यानं लग्नातच द्याले पाह्यजे होतं. पण एक दिवस उभ्याउभ्या डोळ्यापुढं अंधारी आली अन् मी गचकन खाली. (मनकर्णाले सांगतलं, मुळीत पाय अडकला.) चुपचाप चंद्रपूरले डॉक्टरकडं गेलो. थो म्हणे, लय वेळ उभं राह्यलं का तुमचं रक्त पायातच साचते, मेंदूले पोचत नाई. अंधारी आली का तिथीच आडवं व्हाचं अन् पाय वर कराचे. (वाघाचं काय म्हून इचारलं, तं म्हणे गोळी लिहून देतो.) आता सांगा भाऊ, गार्डाचं आयकलं तं चक्कर, डॉक्टरचं आयकलं तं वाघ.

परवा आलीच अंधारी. आडवा झालो, पाय मोहाच्या बुंध्याले टेकवले. डोक्यात रक्त आलं, संगं अक्कलही आली, अन् पाहतो तं मनकर्णा वाकलेली अन् तिच्या मांगचं झुडूप हालून राह्यलं. खोटं नाई सांगत, मले वाटलं वाघच. झुडपातून निघाली गावातल्या झिंगूची म्हैस. तेवढ्यात तुमची बहीण वळली अन् माझे पाय झाडावर पाहून म्हणे, "फुलं घरी नाई पोचली, अन् तुमाले चढली बी?" मी हो म्हणालो. दारुड्या नवऱ्याले ती शिव्या देत संगं नेते. बिमार नवऱ्याले खाटेवर निजवून एकटीच जाईन. तिचा सोभाव तुमाले माहीत हाये. तवापासून मले भाकर गोड लागत नाई. लय भेव वाटते भाऊ.

बाकी सारं ठीक. वहिनीले नमस्कार सांगा.

तुमचा जवाई,
सोमाजी

ता. क. वहिनीले थोडीशी बिमार पाडा अन् मोह सरेपर्यंत मनकर्णाले बलावून घ्या. माझं नाव सांगू नका.

आणखी ता. क. ती येणार नाई, मले माहीत हाये. तवा तुमीच या. मी पडलो तं पडलो, पण ती वाकली का तिच्या मांगं कोनीतरी उभं पाह्यजे.