टेप न लावता बेतलेला झगा

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. आई, वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लगेच टिपून घेतली. लष्करी भांडाराच्या कचेरीत चौतीस वर्षं काढल्यावर तक्रार कशी लिहायची हे मला कुणी शिकवायला नको. आधी तारीख, मग वेळ, मग घडलं ते. तर आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणखोलीत मी शिवलेला पांढरा झगा डमीवर चढवला आणि तो डमीला बसेना. बेतला होता तक्त्यातल्या मध्यम मापानं, डमीही त्याच मापाची. तरी कंबर दीड इंच कमी, खांदे अरुंद, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं गंमत म्हणून तो अंगातल्या टी-शर्टवरूनच घातला, आणि तो तिला इतका नेमका बसला की वर्गातल्या पोरी उठून बघायला आल्या. त्या मुलीचं माप मी कधीही घेतलेलं नाही. कागदावरच्या चित्रात मी मागे चेन काढली होती, ती चेन टेबलावर तशीच पडलेली होती. झग्याची पाठ मानेपासून खालपर्यंत उघडी, बांधायला नाड्या, आणि आतून उलटून पाहिलं तर एकाही धाग्याला गाठ नाही. तीन दिवस मी तो शिवत होते आणि तीन दिवस माझे हात काय करताहेत ते मला दिसलं नाही. तुला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. तरी ही तक्रार तुझ्याच नावानं आहे, कारण तसा झगा शिवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

या वयात कॉलेज कसलं, असं तू विचारशीलच. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी घरी बसून पाहिलं आणि भिंगारात सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनर मंडळींची दुखणी ऐकून कंटाळले. फॅशन डिझाइन आणि मर्चंडायझिंगच्या पदवीला वयाची अट नव्हती. प्रवेशाच्या टेबलावरच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, कुणाच्या ॲडमिशनसाठी आलात?" मी म्हणाले, "माझ्या. तुमचं हसून झालं की अर्ज बघा." आता तिसरं वर्ष आहे. तू आयुष्यभर जे पायमशीनवर केलंस त्याला इथे पुस्तकं आहेत, परीक्षा आहेत, आणि प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव आहे. ती शेजारच्या टेबलावरची मुलगी सुप्याची. वडील तिथल्या कारखान्यात कामाला, आणि ही रोज स्कूटीवरून पुणे रस्त्यानं नगरला येते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आजी, तुमी चुकून आल्या का इकडं?"

"चुकून नाही, परीक्षा देऊन आले. आणि आजी म्हणायचं नाही."

"मग काय म्हनू?"

"काही म्हणू नकोस. कात्री दे."

तेव्हापासून ती मला आजीच म्हणते. कॉम्प्युटरवर पॅटर्न कसा काढायचा ते तिनं मला शिकवलं, मी तिला हातानं काज करायला शिकवलं. तिचा डावा खांदा किंचित खाली आहे हे मला मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं. निदान माझ्या डोळ्यांना तरी नव्हतं.

तुझी ती खोली आठवते मला. बाजारामागची, एका खिडकीची, खिडकीखाली मशीन. इतर दिवशी तू परकर, पोलकी, उशांचे अभ्रे शिवतेस. पण आपल्या चर्चच्या मंडळीतलं कुणी गेलं की मातीच्या आधी मयताला चढवायचा पांढरा झगा तुझ्याकडूनच जातो. मेलेल्या माणसाचे हात उचलवत नाहीत, म्हणून तू पाठ उघडी ठेवतेस, समोरून चढवायचा आणि मागे नाड्या बांधायच्या. धाग्याला गाठ मारत नाहीस. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालीस, "जाणाऱ्याला कशाला अडकवायचं." आणि टेप लावत नाहीस, जिवंत असताना नाही आणि मेल्यावरही नाही. मी आठवीत असेन. एका सकाळी एक शेतकरी भाऊ दारात उभे, टोपी हातात. "बाई, झगा पायजे हुता. घरची पहाटं गेली." तू उठून कपाटातून घडी काढून त्यांच्या हातात देतेस. इस्त्री झालेली. ते घडीकडे बघत राहतात. "पन बाई, काल सांच्याला तर ती समद्यांसंगं जेवली." तू म्हणतेस, "नाड्या जास्त आवळू नका, भाऊ." एवढंच. मी दप्तर घेऊन शाळेला निघते आणि वाटभर तो माणूस माझ्या पुढे चालत असतो, घडी छातीशी धरून, एकदाही मागे न बघता.

रविवारी चर्चमध्ये आपल्या पुढचा बाक रिकामा असायचा. मला लहानपणी वाटायचं, तो आपला मान आहे. मग एकदा बाहेर चपला घालताना मी ऐकलं, एक बाई आपल्या सुनेला सांगत होती, "तिच्या म्होरं बसू नगं. पाठ मोजती ती." तुलाही ऐकू गेलं होतं. तू पदर नीट केलास आणि पाळकसाहेबांना नमस्कार करून घराकडे चालू लागलीस. मी वाटेत तुला विचारलं, खरंच मोजतेस का. तू म्हणालीस, "मला काही कळत नाही. हाताला कळतं. कात्री लावल्यावर दिसतं कुणाचं माप आहे ते."

पण माझा खरा राग त्या गाणं शिकवणाऱ्या बाईंवरून आहे. मी दहावीत होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या नाटकाचे कपडे शिवायला सिस्टरनी तुला बोलावलं होतं. त्या तरुण बाई बाजाच्या पेटीवर मुलींकडून गाणी म्हणवून घेत होत्या आणि तू कोपऱ्यात देवदूतांचे पंख टाचत होतीस. दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर मशीनवर पांढरा झगा. बारीक कंबर, लांब हात. मी बघताक्षणी म्हणाले, "हे तर बाईंचं माप आहे." तू कापड ओढून घेतलंस. "चुकलं. कापड वाया गेलं." आणि घडी करून कपड्यांच्या पेटीत टाकलंस. नाताळ झाला, बाईंनी नाटकात टाळ्या घेतल्या, मला स्वतःच्या हातानं केक दिला. जानेवारीत त्यांना कावीळ झाली. ज्या दुपारी त्यांचा भाऊ आपल्या दारात आला, त्या दुपारी तू माझ्याकडे न बघता पेटी उघडलीस. तो गेल्यावर मी तुला विचारलं, "तू त्यांना सांगितलं का नाहीस?" तू सुईत दोरा ओवत होतीस. म्हणालीस, "काय सांगू? तुमचे कपडे तयार आहेत म्हणून?"

त्या उत्तरावर मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. पुढे बोलले, पण तो राग काही गेला नाही. शिवणाला मी पुन्हा हात लावला नाही, कचेरीत कारकून झाले, जवानांचे गणवेश खोक्यांतून मोजले पण कापडाला बोट लावलं नाही. वाटलं होतं, इतक्या वर्षांत हात विसरले असतील. इथे तर सगळं तक्त्यानंच करायचं असतं, म्हणून निर्धास्तपणे आले.

आता मंगळवारचं पुढचं ऐक. मुलगी आरशासमोर उभी होती, दोन्ही बाजूंनी वळून बघत होती. "आजी, ह्यो तर माज्याच मापाचा हाय. कवा घेतलं माप?"

मी म्हणाले, "काढ तो."

"थांबा की. पाठीला गार लागतंय, कुनी हात ठिवल्यावानी." ती हसत होती. तिच्या मागे कुणी नव्हतं, मी पाहिलं.

एवढ्यात मर्चंडायझिंगचे सर आले. या सरांचं एकच पालुपद असतं, कपडा ग्राहकापासून सुरू होतो, कोण घालणार, कुठे घालणार, ते आधी लिहा. माझ्या कागदावर ग्राहकाचा रकाना कोरा होता. सरांनी झग्याभोवती एक फेरी मारली. "पाठीमागचं ओपनिंग सुंदर. धागे मोकळे सोडलेत, ते मुद्दाम?"

"नाही."

"बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं तर हो म्हणा. आणि ग्राहक कोण ते भरा. म्हणजे आता ते दिसतंच आहे." त्यांनी मुलीकडे बोट केलं. "चोवीस तारखेला सोमवारी दहा वाजता परीक्षकांसमोर हीच तो घालून चालून दाखवेल."

मी म्हणाले, हिनं घालायचा नाही. सरांनी कारण विचारलं. आई, तीस माणसांच्या कचेरीत मी कधी गप्प बसले नाही, पण तेव्हा मी टेबलावरची ती चेन बोटाला गुंडाळू लागले. मुलीचा चेहरा उतरला. "का वो आजी? मला शोभंना व्हय?" आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "इतका मापात बसल्याला कपडा मला आजवर कुनी शिवला न्हाई." आमच्यातला पेच तिथेच पडला. तिला तो हवा आहे, आणि मी तिला काय सांगू? सुचलं ते तुझंच वाक्य. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्यावर चिडले, ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

बुधवारी मी नवं कापड घेतलं, टेप लावली, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत खूण केली, खुणेवर कात्री चालवली. शिवून झाल्यावर तपासलं तर डावा खांदा खाली. शुक्रवारी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन्ही मी फाडून टाकले. पहिला फाडता आला नाही, तो सरांनी कपाटात कुलपात ठेवला होता. तेव्हापासून मी त्या पोरीच्या मागे लागले आहे, स्कूटी सोड, एसटीनं ये. ती म्हणते, "एसटीत हुभं राहून पाय मोडत्यात." संध्याकाळी सहाला मी फोन करते, अभ्यासाचं निमित्त काढून. काल तिच्या आईनं उचलला. "मॅडम, तुमचा लई जीव हाय बघा आमच्या पोरीवर." मी म्हणाले, "जीव वगैरे काही नाही, तिची जर्नल अपुरी आहे. पोचली का ते सांगा." पोचली होती. चहा पीत होती.

परवा मात्र मला एक गोष्ट उमगली, आणि ती उमगायला मला त्रेसष्ट वर्षं लागावीत याचा दोष मी निम्मा तुला देते. माझा शाळेचा गणवेश. बाकी सगळ्यांचं तू नजरेनं बेतायचीस, माझं मात्र टेपनं, तीनतीनदा मापून, आणि इतकं करून तो दर वर्षी बेढब व्हायचा. खांदे उतरलेले, कंबर पोत्यासारखी. सिस्टरनी एकदा सगळ्या वर्गासमोर माझ्या बाहीला चिमटीत धरून विचारलं होतं, आई शिंपीण ना तुझी, मग हे काय? मी घरी येऊन तुला वाटेल ते बोलले. तू म्हणालीस, "सैलच बरा." मला वाटलं, मी वाढत्या अंगाची म्हणून. दहावीनंतर वाढ थांबली, तरी तू सैलच शिवत राहिलीस. मला नीट बसेल असं काहीही तू जन्मात शिवलं नाहीस, तुझ्या हाताला माझं माप कळू नये म्हणून. तुझा स्वतःचा झगा तेवढा पेटीच्या तळाशी सापडला, तो तुला नेमका बसला.

म्हणून काल सरांकडून, हातशिलाई राहिलीय अशी थाप मारून, मी तो झगा घरी आणला. भर दुपारी गच्चीवर उन्हात बसून दोन्ही बाजू उसवल्या, पट्ट्या जोडल्या, खांदे सोडवले, बाह्या वाढवल्या. तिला कधीच बसू नये इतका सैल केला. कपडा अंगाला नीट बसण्याला परीक्षेत वीस गुण आहेत, ते गेले तर जाऊ देत. मग किती सैल झाला बघावं म्हणून मी तो अंगात घातला. टेप लावली नव्हती. आई, तो मला बसतो. खांदा, कंबर, हाताची लांबी, सगळं. पाठीला गार लागलं. कबूल करते, त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती, पण मला हायसं वाटलं. तुझ्या हातचं काही पहिल्यांदाच मला मापात मिळालं, असंही वाटलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते आहे.

तेव्हा एका मुद्द्यावर तुझा लेखी खुलासा हवा आहे. हातानं एकदा घेतलेलं माप दुसऱ्याच्या नावावर करता येतं की नाही. स्वप्नात येऊन किंवा माझ्या सुईदोऱ्यातून दिलेलं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, यावर जावक क्रमांकही घातलेला नाही, पण त्यामुळे मुदत बदलत नाही. शनिवार, बावीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर आलं नाही, तर केलेला बदल तुला मंजूर आहे असं समजून सोमवारी दहा वाजता परीक्षकांसमोर तो झगा मी घालून चालेन, आणि ती पोरगी तिच्या ढगळ शर्टात माझ्या शेजारी उभी राहील.