डावीकडे ओढणारी होडी

दांडी, मालवण (जि. रत्नागिरी)
ता. २५ ऑक्टोबर १९६१

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रदादा यांस,
धाकट्या आनंदीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व जण तुझ्या आणि वहिनीच्या पत्राची वाट पाहून आहोत. मुंबईत शाई महाग झाली की काय, असं आईने विचारायला सांगितलं आहे. मी शाळेतून आले की ती पोस्टमनच्या आधी मलाच विचारते, दादाचं काही आलं का. तेव्हा या पत्राला तरी उत्तर पाठव, कारण या खेपेला नुसती ख्यालीखुशाली नाही, अडचण आहे.

तू आगबोटीने पाठवलेली मोटर होडीच्या मागच्या फळीला बसली, त्याला आता दीड महिना झाला. पहिला महिना आबांच्या जागी काशीरामकाकांनी चालवली आणि हात बसल्यावर होडी वळवायचा दांडा आबांच्या हाती दिला. वैशाखात उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून आबा पहिल्यांदा दर्यावर गेले. वल्हं त्यांना आता कधीच मारता येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मोटर आहे म्हणून होडी अजून तेच हाकतात, तेच तिचे तांडेल आहेत. त्या दिवशी आईने दोनदा मीठमोहऱ्या उतरवल्या, एकदा आबांवरून आणि एकदा मोटरीवरून.

पण होडी सरळ जात नाही रे. वेग घेतला की डावीकडे ओढते आणि डावीकडेच कलते. होडीच्या बाजूला आडव्या वाशांवर बांधलेला उलांडीचा ओंडका पाण्यावर तरंगायचा तो पाण्यात घुसतो. काकांचा खांदा महिनाभर दुखत होता. त्यांचं म्हणणं की होडीक देवचार लागलो आसा. नारळ दिला, प्रसाद वाटला, होडी डावीकडेच. आबा मात्र अवाक्षर बोलत नाहीत. घरी येतात तेव्हा त्यांचा उजवा हात सुजलेला असतो. मी रोज मिठाच्या पाण्याने शेकते आणि मनातल्या मनात त्या मोटरीला शिव्या घालते.

काकांनी परवा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की होडीत तीन जिवां असतत, खडकांमधल्या वाटेत दांडा सुटला तर काय करायचं. दिवाळीपर्यंत ही ओढ गेली नाही तर दांडा ते स्वतः धरणार. त्यांचं चूक नाही. पण आबा एकदा घरी बसले की पुन्हा उठायचे नाहीत, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तेव्हा तू डॉकातल्या लाँची दुरुस्त करतोस त्यातली थोडी विद्या इकडे पाठव.

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी पुरे आहे, फक्त ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
आनंदी


माझगाव, मुंबई
ता. ३० ऑक्टोबर १९६१

चि. आनंदी हीस,
हरिश्चंद्राचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शाई स्वस्तच आहे, माणूस आळशी आहे, असं तुझी वहिनी सुभद्रा म्हणते. आईला तेच कळव.

देवचाराला उगाच बदनाम करू नका. मोटरीचा पंखा एका बाजूला फिरतो, त्याचा हिसका होडीला उलट्या बाजूला बसतो, म्हणून ती डावीकडे कलते. नुसती होडी असती तर थोडक्यात भागलं असतं. पण आपली उलांडीही डावीकडेच. होडी कलली की ओंडका पाण्यात जातो, पाणी त्याला धरून ठेवतं, आणि नाक त्या बाजूला वळतं. शिडावर आणि वल्ह्यावर हे कधी जाणवलं नाही, कारण तेवढा वेगच नव्हता. इथले साहेब लोक अशी होडी पाहतील तर त्यांना प्रश्नच पडेल, पण आपल्याला उलांडी काढून चालायचं नाही.

आता काय करायचं ते सांगतो. मोटर फळीच्या अगदी मधोमध आहे का, दोरीने मापून बघ. काकांनी ती आपल्या हाताला जवळ म्हणून डावीकडे बसवली असेल, पैजेवर सांगतो. नांगराचा दगड आणि तेलाचा डबा उजवीकडे न्या. एवढ्याने कल जाईल. मग ओढ राहिली तर पंख्याच्या वर, मागच्या बाजूला, माशाच्या कल्ल्याएवढं एक पातं आहे. त्याचा स्क्रू सैल करून मागची कड किंचित डावीकडे फिरवा. पाणी शांत असेल तेव्हा सकाळी बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम केलंत तर कशाने बरं वाटलं ते कळायचं नाही, आपल्या आईच्या काढ्यांसारखं.

आबांना उजव्या हाताऐवजी डाव्याने दांडा धरायला सांगता येईल का? तोही विचार कर. हात फार सुजत असेल तर दोन दिवस घरी ठेव, त्यांनी ऐकलं तर.

सर्वांस यथायोग्य. तुझं पत्र आलं की घर जवळ आल्यासारखं वाटतं, तेव्हा लिहीत जा.

हरिश्चंद्र


दांडी, मालवण
ता. १४ नोव्हेंबर १९६१

ती. दादास,
आनंदीचा शि. सा. न. वि. वि.

दादा, तू जिंकलास! मोटर चांगली चार बोटं डावीकडे होती. काका आधी म्हणाले की मोटर मधीच आसा, फळीच वाकडी आसा. दोरी लावल्यावर स्वतःच मोटरीचे स्क्रू सोडवायला लागले. मोटर सरकवली, दगड आणि डबा उजवीकडे नेला, तसा कल गेला. ओंडका पाण्यावर बदकासारखा बसला आहे. मग मी आणि काकांनी ते पातं फिरवलं. एकदा जास्तच फिरलं आणि होडी उजवीकडे पळाली, तेव्हा काकांनी देवचारानं बाजू बदलल्याचं जाहीर केलं. शेवटी बेताचं बसलं. काकांनी दांडा सोडून दोन्ही हात वर केले आणि होडी दोरी आखल्यासारखी सरळ गेली. किनाऱ्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर नाचायची तेवढी राहिले.

डाव्या हाताचं जमणार नाही. जाळं उजव्या बाजूने ओढतात, त्यामुळे तांडेलाने डावीकडेच बसायचं. शिवाय उजव्या पायाचा भरवसा नाही, म्हणून आबा डाव्या हाताने उलांडीचा आडवा वासा घट्ट धरून बसतात. पण आता त्याची गरजही नाही. होडी आता कडेवरच्या मुलासारखी शांत जाते, दांड्याला नुसता हात लावला की झालं.

आबा सगळा वेळ पुळणीवर बसून पाहत होते. मी धावत जाऊन सांगितलं की आता तुमचा हात सुजणार नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की पोरांनी माझ्यासाठी खूप केलां. उद्या ते स्वतः नेणार आहेत.

वहिनीला सांग, तिचा नवरा आळशी असला तरी हुशार आहे. अशीच कृपा असू दे, आणि तीही पत्राने.

तुझी,
आनंदी


दांडी, मालवण
ता. २० नोव्हेंबर १९६१

ती. दादास,
आनंदीचा शि. सा. न. वि. वि.

काय लिहू आणि कसं लिहू, तेच सुचत नाही. आधी हे वाच की सगळे सुखरूप आहेत.

त्या दुसऱ्याच दिवशी आबांनी होडी नेली. परत येताना खडकांमधल्या वाटेत ती डावीकडे वळवायची होती. ती वळलीच नाही. काका सांगतात की आबा दांडा धरून बसलेले होते, हात दांड्यावर होता, तोंड लाल झालं होतं, आणि होडी सरळ उजवीकडच्या खडकावर चालली होती. काकांनी वल्हं खडकाला लावून जीव खाऊन रेटलं. उजवी बाजू घासली, एक फळी तडकली, एवढ्यावर निभावलं. आबा उतरले, मोटरीचा दांडा काकांच्या हातात दिला आणि घरी आले.

तेव्हापासून ते गेलेले नाहीत. भिंतीला टेकून बसतात. काका रोज सकाळी दारात येऊन थांबतात आणि चलताव काय म्हणून विचारतात. आबा नाही म्हणतात. दादा, वाकडी होडी त्यांनी दोन-तीन आठवडे बिनबोभाट चालवली आणि सरळ होडीने त्यांना घरी बसवलं. मीच तुला पत्र लिहून हे करून घेतलं. मला जेवण गोड लागत नाही.

काल मी आईजवळ रडले. आई म्हणाली की त्यांचो हात गेलो नाय, अर्धो गेलो आसा. तिने पाहून ठेवलंय. विहिरीचा दोर ते आपल्याकडे ओढतात, दार ओढून लावतात. पण तेच दार उघडायला ढकलायचं तर खांदा लावतात. हात जवळ येतो, दूर जात नाही. मी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस, तर म्हणाली की कोणी विचारलां?

याचा मोटरीशी संबंध असेल का? मला अंधुक काहीतरी वाटतं, पण मांडता येत नाही. तू लवकर लिही.

तुझी,
आनंदी


माझगाव, मुंबई
ता. २४ नोव्हेंबर १९६१

चि. आनंदी हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कारखान्यात वाचलं आणि तिथेच कागदावर होडी काढून बघितली. आईने दोन वाक्यांत सांगितलं ते मला इतक्या लांबून दिसलं नाही, आणि तुला जवळून दिसलं नाही. तेव्हा एकटीने रडू नकोस, अर्धं माझ्यासाठी ठेव.

हे बघ. आबा डावीकडे बसून उजव्या हाताने दांडा धरतात. दांडा आपल्याकडे ओढला की होडी उजवीकडे जाते आणि दूर ढकलला की डावीकडे. जुनी होडी आपणहून डावीकडे ओढत होती. म्हणजे आबांना ढकलायची गरजच पडत नव्हती. सरळ जायचं तर दांडा थोडा आपल्याकडे धरायचा, उजवीकडे जायचं तर जास्त ओढायचा, आणि डावीकडे जायचं तर हात सैल सोडायचा. हात सुजत होता, पण काम होत होतं. आपण ती ओढ काढली आणि आता डावीकडे वळायला ढकलणं आलं. तेच त्यांना येत नाही. आपण होडी बरी केली आणि तांडेलाचा हात काढून घेतला.

आता उलटं करायचं. मोटर मधोमधच राहू दे, दगड आणि डबाही उजवीकडेच असू दे, कल पुन्हा नको. फक्त त्या पात्याची मागची कड उजवीकडे फिरव. पहिल्याइतकी ओढ नको, हात सुजेल. आबांना दांड्यावर बसव आणि ते पुरे म्हणेपर्यंत थोडं थोडं फिरव. माझं गणित नको, त्यांचा हात सांगेल तेच खरं.

कारखान्यात मी होड्यांच्या ओढी काढण्याचा पगार घेतो. ओढ घालायची पहिलीच वेळ आहे. आणि आबांना एवढं विचार की तुम्हाला हे कळलं असणारच, तर आधी का सांगितलं नाहीत? काकांनाही सगळं समजावून सांग.

सुभद्रेचा तुला आशीर्वाद. आमच्यावर राग धरू नकोस, प्रेम धर.

हरिश्चंद्र


दांडी, मालवण
ता. १० डिसेंबर १९६१

(दादा, आबा सांगतात तसंच लिहिते आहे. मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही, अशी ताकीद आहे. – आनंदी)

चि. हरिश्चंद्र यास आबाचो आशीर्वाद. सुभद्राक पण सांग.

तुजा कागद गावला. फळी नवी बसयली. मी दांडो धरून बसलंय आणि आनंदीन पाना फिरवल्यान. तिसऱ्या खेपेक बरा जमला. होडी आता डावीकडे वडता, पण माज्या हाताक पुरा तितकीच. कलणा नाय. काल खडकातसून भायर गेलंय आणि आत इलंय. बांगडो बरो गावलो. तुजी आवस आता मोटरीक मीठमोहऱ्यो उतरवणा नाय, माकाच उतरयता.

तू इचारलंस, आदी कित्याक सांगूक नाय. माका पयल्या दिसाकच कळला हुता की ही वड माज्या हाताक बरी. पण आनंदी रोज माजो हात शेकी आणि तोंड फिरवून डोळे पुशी. तू थंयसून इतको मोठो कागद लिवलंस. पोरां आपल्यासाठी इतकी धडपडतत, आणि मी तेंका सांगू काय, की माका घरचा दार पण ढकलूक येणा नाय? माका लाज दिसली. आणि तुमचो आनंद मोडूक जीव होयना. म्हटलंय, बगूया, सरळ होडी पण जमात. जमली नाय. आता तुमका सगळा कळलाच आसा, तर माका हलक्यासारखा वाटता.

आता काशीरामाची गजाल. तो सगळ्या दांडी गावात सांगत फिरता की ह्या होडयेन तेचो खांदो मोडता, ती तेका चलवूकच जमणा नाय, हिका तांडेल आबाच होयो. लोक ऐकतत आणि माना हलयतत. अरे, म्हयनोभर त्याणाच चलयल्यान हुती, आणि तेवा ती आताच्या दुप्पट वडी. माका समाजणा नाय असा नाय. पण मी तेका तसा कदी बोलाचंय नाय. तू पण मे म्हयन्यात इलंस की बोला नको. सकाळी तो माज्या आदी होडयेत चडता, माजी बसाची जागा पुसून सुकी करता, आणि आपण जाळ्याकडे जावन बसता.

तुम्ही दोघां सुखान रवा, आणि आमची याद ठेवा.

तुजो,
आबा