अ‍ॅल्डर तळ्याच्या वाटेवर पुढे कोण?

बाबा, तुझा गुडघा खरंच दुखतोय, की यंदा मी तुला मागे टाकेन याची धास्ती वाटतेय? हा प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, टेसा आणि जूनीचा आहे. "हिंमत असेल तर विचारून दाखव," म्हणाल्या, म्हणून विचारला. तोंडावरच विचारणार होते, पण तू झोपला होतास आणि माझी शाळेची बस येतेय, म्हणून ही चिठ्ठी.

काल जेवताना तू म्हणालास, "यंदा तळ्यापर्यंत डोंगर चढायला नको, गाडी जाते तिथेच तंबू ठोकू." आई, तू त्याला आणखी बटाटे वाढलेस. अरे, गाडीशेजारीच झोपायचं तर आपलं अंगण काय वाईट आहे? अ‍ॅल्डर तळ्यातले ट्राउट मासे वर्षभर माझी वाट बघतायत!

आणि मला एक गोष्ट कळलीये. लहानपणापासून डोंगरात तू मला सगळ्यांच्या पुढे चालवायचास. मला वाटायचं, मीच म्होरकी! हे ऐकून जूनी हसून हसून लोळली. म्हणाली, "अगं येडे, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात, म्हणजे कुणी मागे राहत नाही." इतकी वर्षं तू माझ्या चालीने चाललास आणि एकदाही बोलला नाहीस.

तर मी ठरवलंय. आपण तळ्यावरच जायचं. तंबू, स्टोव्ह आणि अस्वलांपासून जेवण वाचवायचा तो जड डबा माझ्या पाठीवर. आई मध्ये. आणि बाबा, पुढे तू चालायचंस.

ब्रिन