पिवळा चौकोन

सोमवार, ३ मार्च

काहीच बिघडलेलं नसताना सगळं थांबतं कसं?

मला उत्तर येत नाही. इथं कबूल करते, ऑफिसात केलं नाही.

आज रुग्णालयाच्या प्रोग्रॅमच्या चाचणीत पडद्यावरच्या सगळ्या गाड्या एकदम थांबल्या. वीस मिनिटं! कुठं लाल दिवा नाही, चुकीचा संदेश नाही. लिफ्ट ठीक, धुलाई यंत्रं ठीक, प्रत्येक गाडी ठीक. मग पुन्हा चालवलं. तीनशे वेळा सुरळीत.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'उद्याच' म्हणतो, कारण गिऱ्हाइकाला ते प्रत्येक गोष्ट उद्याच देतात. ते म्हणाले, "तीनशे वेळा चाललं ना? मग एकदाचं काय घेऊन बसलीस!"

शेजारच्या टेबलावरची चष्मिष्ट पुटपुटली, "लग्नात नवरा एकदाच पळून जातो."

सतरा तारखेला रुग्णालयात हे सुरू होणार. शस्त्रक्रियेची वापरलेली अवजारं घेऊन गाड्या आपल्या आपण खाली येतील, धुतलेली घेऊन वर जातील. त्याआधी 'तपासले' या कागदावर सही हवी. तपासनीस मी. नोकरीत कायम व्हायला अजून दोन महिने!

आणि ज्या खोलीत ही अवजारं धुतात, तिथं एकोणीस वर्षं आई काम करते. ऑफिसात कुणाला माहीत नाही. मुलाखतीत विचारलं, आई काय करते? म्हटलं, रुग्णालयात असते. "वा, नर्स!" म्हणाले. मी गप्प बसले. अजून गप्पच आहे.

मंगळवार, ४ मार्च

कॉलेजातले सर आठवले. फळ्यावर गोल, उभ्या पट्ट्या, बाण काढायचे. पेट्री जाळं. गोल म्हणजे एखादी स्थिती – 'लिफ्ट मोकळी', 'गाडी वाट बघतेय'. पट्टी म्हणजे घटना. गोलात ठिपका असेल तर ती स्थिती आत्ता खरी. पट्टीकडे येणाऱ्या सगळ्या गोलांत ठिपके असले, तरच ती घटना घडू शकते. मग ते ठिपके उचलायचे, पुढच्या गोलांत ठेवायचे.

बस्स, एवढंच! परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आज पहिली गाडी काढली, ठिपका एक घर पुढं सरकवला आणि अंगावर काटा आला. प्रोग्रॅमच्या हजारो ओळींत जे लपून बसतं, ते इथं कागदावर उघडं पडतं – कोण कुणासाठी थांबलंय.

गुरुवार, ६ मार्च

आज जे कळलं ते आधी लिहून टाकते, वेडेपणा आहे!

गाडी म्हणजे मोठ्या जाळ्यातला एक ठिपका. पण तिच्यात तिचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम आहे. तिला लिफ्ट मागायची असते, जागा मागायची असते. म्हणजे त्या ठिपक्याच्या पोटात आणखी एक पूर्ण जाळं! बाहेरून बघावं तर एक टिंब, आत बघावं तर अख्खं मन.

लिफ्ट, यंत्र यांचीही वेगळी जाळी केली. कडेचे मोजकेच गोल एकमेकांना जोडले. कपड्याचे तुकडे जोडावेत तसे जुळले.

दादाला जेवताना सांगितलं, आपलं आपण ठरवणाऱ्या या गाड्यांना एजंट म्हणतात. बस चालवून दमून आला होता. म्हणाला, "एजंट? मग कमिशन किती घेतात?"

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. जमिनीवर मोठा कागद पसरला. ठिपक्यांच्या जागी आईच्या डब्यातली बटणं. पांढरं म्हणजे धुतलेल्या अवजारांची गाडी, काळं म्हणजे न धुतलेल्यांची.

सरकवत सरकवत गेले आणि सापडलं! खालच्या खोलीत चार जागा. चारींत पांढरी बटणं, चौघींना वर जायला लिफ्ट हवी. लिफ्टमध्ये काळं बटण, त्याला खोलीत जागा हवी. लिफ्टचं दार थेट खोलीतच उघडतं, दुसरी वाट नाही. कुणीच चुकलेलं नाही – आणि कुणालाच हलता येत नाही.

आई भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "अगं, आणि पिवळा चौकोन कुठाय?"

"कसला चौकोन?"

"दाराजवळचा. तिथं काही ठेवायचं नसतं. वरून गाडी बोलवायची ती चौकोन मोकळा असला तरच. ती चौकोनात येते, लिफ्ट सुटते, धुतलेली वर जाते, हिला तिची जागा मिळते. चौकोन परत मोकळा. नवीन बाईनं तिथं बादली जरी ठेवली ना, तरी मी ओरडते."

आमच्या नकाशात तिथं चौथी जागा आहे. 'वाया जाणारी जागा वापरात आणली' – हे वाक्य मीच टाइप केलं होतं.

"हा नियम कुणी केला, आई?"

"कोण करणार? मीच. एकदा अशीच गाडी अडकली, वर डॉक्टर हात धुऊन उभे, पेशंट टेबलावर. तशी धडधड पुन्हा नको म्हणून उरलेला रंग मागून आणला नि चौकोन रंगवला."

मी 'चौकोन मोकळा' असा एक गोल वाढवला. त्यातून एक बाण 'वरून गाडी बोलवा' या पट्टीकडे, गाडी चौकोनातून हलली की एक बाण परत. मग दुपारभर बटणं सरकवली. एकदाही अडलं नाही. शाळा सातवीत सुटलेली माझी आई! मी तिच्याकडे बघतच राहिले. "अशी काय बघतेस, बये? ऊठ, तांदूळ टाक," म्हणाली.

सोमवार, १० मार्च

बटणं पुडीत बांधून नेली. 'उद्याच' यांना म्हटलं, तुम्हीच सरकवून बघा. आधी हसले. मग खुर्ची पुढं ओढली. मग चष्मा काढला. दहा मिनिटांनी काळं बटण हातात धरून बसले होते, ठेवायला घर नव्हतं.

"हे वर्षातून एकदा होईल फार तर."

"त्या एकदा कुणीतरी टेबलावर असेल, सर."

"अगं, पण चौथी जागा दाखवूनच आपण काम मिळवलंय! आत्ता सही कर. पुढच्या आवृत्तीत बघू. उद्याच बघू."

उठता उठता विचारलं, "या चौकोनाचं तुला सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, "तिथल्या एका बाईंनी."

मंगळवार, ११ मार्च

एका बाईंनी.

गुरुवार, १३ मार्च

संगणकाला दोन्ही जाळी दिली. आमच्या नकाशात एकशे नव्वद अवस्था येऊ शकतात. त्यांतली एक अशी, की तिथून बाहेर जाणारा बाणच नाही. आईच्या नियमाने केलं की अशी अवस्था उरत नाही. फार घडणार नाही असं नव्हे – येऊच शकत नाही! तीनशे चाचण्या चाचपडत होत्या. या कागदाने अजून न उगवलेले सगळे दिवस बघून घेतले. आणि आईने तेच डबाभर रंगात केलं होतं.

चष्मिष्टने अवस्थांची यादी दोनदा तपासली. म्हणाली, "उद्या सही मागतील. नाही केलीस तर घरी बसवतील, माहितीये ना?"

घरी आई विचारत होती, "मग? ठेवणार का माझा चौकोन?"

म्हटलं, उद्या सांगते.

शुक्रवार, १४ मार्च

'तपासले' खोडून 'थांबवावे' लिहिलं. खाली सही केली, सोबत जाळ्याचा कागद जोडला. एक प्रत 'उद्याच' यांच्या टेबलावर ठेवली. दुसरी रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया विभागाच्या मुख्य सिस्टरांच्या हातात दिली आणि पोच घेतली.

'नियम कोणाचा' असा रकाना मीच वाढवला. तिथं आईचं पूर्ण नाव घातलं. पुढं – धुलाई विभाग, एकोणीस वर्षे. तपासनीसाची आई.